कादंबरी वाचून व्हिडिओ करताना: विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. गेली काही वर्षं आम्ही मुलांना एक कादंबरी वाचायला देतो आणि तिच्यावर चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ करून घेतो. आधी कच्चा, मग दुरुस्त केलेला. दर वर्षी तेच प्रश्न येतात. काही मुलांचे, काही पालकांचे, काही निपाणी-खानापूरकडच्या शिक्षकांचे, ज्यांना हा उपक्रम आपल्या शाळेत करायचा असतो. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

मॅडम, कादंबरीवर व्हिडिओ म्हणजे गोष्ट सांगायची ना?

नाही. गोष्ट पुस्तकात आहेच, ती लेखकानं तुमच्यापेक्षा चांगली सांगितली आहे. वाचताना तुम्ही जिथं थांबलात, ते आम्हाला दाखवा. एखादं वाक्य दोनदा वाचावंसं वाटलं, एखाद्या माणसाचा राग आला, एखादी जागा वाचून आपल्याच गावाची आठवण झाली. ती एक जागा घ्या आणि ती तुम्हाला का धरून बसली हे चार मिनिटांत सांगा. व्हिडिओ बघणाऱ्यानं कादंबरी वाचलेली नसली तर त्याला समजेल एवढा संदर्भ द्या, पण तो अर्ध्या मिनिटात उरका.

कोणती कादंबरी घ्यावी?

लहान आणि आपल्या मातीच्या जवळची. आम्ही बहुतेक वेळा व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) घेतो. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, वाडीत रुळतो, तिथं कुस्तीची तालीम उभी राहते, मग दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते आणि मास्तरालाही निघावं लागतं. एवढीच गोष्ट. पान भरून वर्णन नाही, अवघड शब्द फार नाहीत, आणि आपल्याकडं धनगर कुणाला नवे नाहीत. दिवाळीनंतर शेतात मेंढ्या बसवायला आलेले कळप प्रत्येकानं बघितलेले असतात.

एक गोष्ट मला दर वर्षी नव्यानं जाणवते. आपला जिल्हा एक असला तरी पाऊस एक नाही. अथणी-कागवाडकडं नातेवाईक असलेलं पोर दुष्काळाची पानं वाचून गप्प होतं. जांबोटी-कणकुंबीकडून आलेलं पोर विचारतं, पाणी नाही म्हणजे अजिबातच नाही? दोघांचे व्हिडिओ वेगळे होतात, व्हायलाच हवेत.

जुनं काही हवं असेल तर बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (1857) आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात, आणि तिचा लेखक 1831 साली आपल्या बेळगावात जन्मला, हे मुलांना सांगितलं की ती ताठ बसतात. विषय विधवांच्या हालांचा. भाषा जुनी आहे, त्यामुळं नववीला अख्खी झेपत नाही. दहावीतल्या चांगल्या वाचणाऱ्या गटाला द्यावी, आणि शिक्षकानं सोबत बसून वाचावी.

पुस्तक मिळत नाही. काय करू?

शाळेच्या कपाटात बघा, मग गावातल्या वाचनालयात. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय दीडशे वर्षांहून जुनं आहे, शहरातल्या मुलांनी तिथं जावंच. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा या गावांत दर वर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात. तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर हमखास मिळेल. चार जणांत एक प्रत पुरते. मोबाइलवर फिरणारी चोरीची पीडीएफ नको.

अख्खी वाचायलाच हवी का? आम्ही एकच जागा घेणार आहोत ना?

अख्खी वाचायची. शेवट माहीत नसताना मधली जागा घेतली की फसगत होते. तालीम बांधतानाचा आनंद आणि पुढं ओस पडलेल्या वाडीत उभी राहिलेली तीच तालीम, या दोन गोष्टी एकत्र डोक्यात असल्या तरच तालमीबद्दल काही बोलता येतं.

सिनेमा बघितला तर?

अमोल पालेकरांनी 1995 मध्ये ‘बनगरवाडी’वर चित्रपट केला. जरूर बघा, पण पहिला कच्चा व्हिडिओ झाल्यावर. आधी बघितलात तर मास्तराचा चेहरा, वाडीचा रंग, उन्हाचा कोन, सगळं तिथलं डोक्यात बसतं आणि तुमचं स्वतःचं चित्र पुसलं जातं. चित्रपटातले तुकडे तुमच्या व्हिडिओत घालायचे नाहीत.

सुरुवात कुठून करायची? फोन हातात घेतला की काही सुचत नाही.

फोन हातात घेऊच नका. पहिला आठवडा वही आणि पेन्सिल. वाचताना जिथं थांबलात तिथला पान क्रमांक लिहा आणि पुढं एकच ओळ: इथं का थांबलो. अशा दहा-बारा ओळी झाल्या की त्यातली एक निवडा. मग त्या ओळीचं पानभर लिखाण करा, घरी आईला किंवा आजीला वाचून दाखवा. त्यांनी “मग काय झालं?” असं विचारलं तर तुम्ही गोष्ट सांगताय. “तुला असं का वाटलं?” असं विचारलं तर वाट बरोबर आहे.

त्यानंतर वहीच्या एका पानाचे आठ चौकोन करा आणि प्रत्येक चौकोनात काय दिसेल याची रेघोट्यांची चित्रं काढा, खाली काय ऐकू येईल ते लिहा. चित्रं चांगली यायची गरज नाही. काठीसारखी माणसं चालतात.

किती मिनिटांचा असावा?

चार, फार तर पाच. निवेदन निवांत वाचलं तर आमच्या मुलांचे मिनिटाला 100 ते 110 शब्द होतात. म्हणजे चार मिनिटांना सव्वाचारशे शब्द पुष्कळ झाले, आणि मध्ये शांतता हवी असेल तर साडेतीनशेच लिहा. सातशे शब्द लिहून घाईघाईनं वाचणारे दर वर्षी भेटतात. ऐकणाऱ्याला बस चुकल्यासारखं वाटतं.

आम्ही घोंगडं पांघरून, फेटे बांधून प्रसंग करून दाखवतो. चालेल?

मुलांना हे फार आवडतं, म्हणून सरळ नाही म्हणत नाही. पण मी जेवढे असे व्हिडिओ बघितले, त्यात कॅमेऱ्यासमोर मुलं हसू दाबत होती आणि कादंबरी कुठंतरी लांब राहिली होती. शिवाय खोटी दाढी लावून धनगर व्हायचं, आणि वर्गातल्याच धनगराच्या पोरानं ते बाकावर बसून बघायचं, हे मला बरं वाटत नाही. एकदा त्या पोराचा चेहरा बघितला, तेव्हापासून मी गटाला आधी विचारते: हा वेश घालून जे सांगायचंय ते न घालता सांगता येईल का? बहुतेक वेळा येतं. एक काठी, एक रिकामी चावडी, उंबऱ्यात काढून ठेवलेल्या वहाणा, एवढ्यावर भागतं.

आमच्याकडं साधाच फोन आहे.

पुरतो. फोन आडवा धरा. रिझोल्यूशन 1080 ठेवा, त्याहून जास्त नको, फाईल उगाच फुगते. लेन्स सुती कापडानं पुसा, निम्मे धूसर व्हिडिओ बोटाच्या तेलकट डागानं धूसर झालेले असतात. स्टँड नसेल तर किलोभर तांदळाच्या पिशवीवर फोन टेकवा, तो हवा तसा रुततो आणि हलत नाही. माणसाच्या पाठीमागं ऊन घेऊ नका. सकाळी नऊच्या आत आणि साडेचारनंतर उजेड मऊ असतो. चित्रीकरण सुरू करण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर बरोबर महत्त्वाच्या वाक्याला मावशीचा फोन येतो.

एक शॉट निदान दहा सेकंद चालू ठेवा. तीन सेकंदांचे तुकडे घेऊन आलेली मुलं एडिटिंगला बसली की रडकुंडीला येतात.

आवाज नीट येत नाही. हाच आमचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

चित्र थोडं वाईट असलं तरी माणसं बघतात, आवाज वाईट असला तर उठून जातात. म्हणून इथं थोडं सविस्तर सांगते.

निवेदन चित्रीकरणाबरोबर घेऊ नका, वेगळं रेकॉर्ड करा. घरातली सगळ्यात जास्त कपडे असलेली खोली निवडा. फरशी आणि रिकाम्या भिंतीमुळं आवाज घुमतो, कापड तो शोषून घेतं. दोन खुर्च्यांवर गोधडी टाकून तिच्या आत बसलात तरी आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडेल. फोन तोंडापासून एक वीत लांब, थोडा बाजूला. समोर धरला तर प, फ, भ म्हणताना फुंकर आदळते. पंखा बंद. फ्रिजही बंद, पण नंतर आठवणीनं चालू करा. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्यांनी गिरणी उघडायच्या आधी उठावं.

आपल्याकडं ऊसतोड सुरू झाली की एक वेगळं संकट असतं. रस्त्यावरून डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर मोठ्यांदा गाणी लावून जातो आणि ते गाणं तुमच्या निवेदनात शिरतं. ते काढता येत नाही. थांबा, जाऊ द्या, वाक्य पहिल्यापासून घ्या.

आणि प्रत्येक जागी अर्धा मिनिट काहीही न बोलता नुसता तिथला आवाज घ्या: शेतातला, वर्गातला, देवळाच्या कट्ट्यावरचा. दोन तुकडे जोडताना मध्ये जी मुकी फट पडते तिथं हा आवाज पसरता येतो. गेल्या खेपेला एका मुलीनं संध्याकाळी बसायला येणाऱ्या मेंढ्यांचा असा आवाज आणला होता. खुरांचा, खोकण्याचा, लांबून येणाऱ्या एका शिट्टीचा. तिनं तो निवेदनाच्या आधी वीस सेकंद तसाच ठेवला. वर्गात कुणी हललं नाही.

बोलायचं कुठल्या मराठीत? आमची मराठी बेळगावी आहे.

जी तोंडात आहे तीत. ‘बनगरवाडी’तली माणसंसुद्धा माणदेशी बोलतात, पुस्तकी बोलत नाहीत, आणि ती कादंबरी त्यामुळं कमी झालेली नाही. “काय करायलास?” असं घरी म्हणणारं पोर व्हिडिओत “आपण काय करत आहात?” म्हणायला लागलं की आवाजातला जीव जातो. पुस्तकातलं वाक्य वाचाल तेव्हा मात्र छापलंय तसंच वाचा, एक अक्षर बदलू नका.

आमच्या आजी कन्नड बोलतात. त्यांचं बोलणं घेतलं तर?

घ्या की. खाली मराठीत ओळी द्या. सीमाभागात एकाच घरात आईची भाषा एक आणि आजीची दुसरी असणं नवं नाही, आणि मेंढ्यांबद्दल, दुष्काळाबद्दल जे आजीला माहीत आहे ते कादंबरीशी बोलायला लागलं तर त्यापेक्षा चांगलं काय? फक्त अनुवाद अंदाजानं करू नका. आजीसमोर बसून वाक्यावाक्यानं अर्थ विचारा. दोन्ही भाषा येणाऱ्या एका मोठ्या माणसाला तपासायला द्या. उलट, पूर्ण मराठी व्हिडिओला खाली कन्नड ओळी दिल्यात तर शेजारच्या कन्नड शाळेतले मित्रही तो बघतील. आमच्या एका गटानं हे केलं आणि दोन्ही शाळांची मुलं एका खोलीत बसली.

सीमाप्रश्नावर बोललं तर चालेल?

कादंबरी तिथं नेत असेल तर बोला. नेत नसेल तर ओढून आणू नका.

चित्रीकरण कुठं करता येईल? परवानगी लागते का?

आपलं घर, शेत, शाळा, ओळखीच्यांचा गोठा. माणूस ओळखू येत असेल तर आधी विचारा, घेतलेला तुकडा त्याला दाखवा, नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसा. रानात मुक्कामाला असलेल्या धनगर कुटुंबाकडं जाणार असाल तर मोठ्या माणसाला घेऊन जा, आणि पहिल्या दिवशी फोन खिशातच ठेवा. बायकामुलांचे चेहरे विचारल्याशिवाय अजिबात नकोत. शहरात कॅम्प भागात लष्कराची हद्द आहे, सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र आहे. तिथं कॅमेरा काढायचाच नाही.

पुस्तकातले उतारे वाचले तर हक्काचा प्रश्न येतो का?

आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतात, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. माडगूळकर 2001 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवर 2061 अखेरपर्यंत हक्क आहे. बाबा पदमनजी 1906 मध्ये गेले, ‘यमुनापर्यटन’ सगळ्यांचं आहे, पाहिजे तेवढं वाचा. हक्क असलेल्या पुस्तकातूनही समीक्षेसाठी थोडा मजकूर लेखकाचं नाव सांगून घेण्याची मोकळीक कायदा देतो. थोडा म्हणजे दोन-चार वाक्यं. प्रकरणच्या प्रकरण वाचून दाखवणं त्यात बसत नाही, आणि तसा व्हिडिओ कंटाळवाणाही होतो.

सिनेमातलं गाणं पाठीमागं लावू नका. संबळ वाजवणारा, ढोल वाजवणारा कुणीतरी गावात असतोच, त्याला विचारा. नाहीतर संगीत नकोच.

एआयकडून लिहून घेतलं तर मॅडमना कळतं का?

बहुतेक वेळा कळतं, पण त्याहून मोठी अडचण दुसरीच आहे. वाचताना तुम्ही कुठं थांबलात हे त्या यंत्राला माहीत नाही. ते कुणालाही लागू पडेल असं गोड लिहून देतं, आणि कधी कधी कादंबरीत नसलेलं पात्रही घालतं. माझ्याकडं असा एक व्हिडिओ आला होता. मी त्या गटाला ओरडले नाही, फक्त म्हटलं, या वाक्याचं पान काढून दाखवा. अर्धा तास पुस्तक चाळून मुलं स्वतःच गप्प झाली. शुद्धलेखन तपासायला, कन्नड शब्दाचा अर्थ बघायला वापरा, आणि वापरलं असेल तर शेवटच्या पाटीवर तसं लिहा.

कच्चा व्हिडिओ पूर्ण झाल्याशिवाय दाखवायला लाज वाटते.

पूर्ण झाल्यावर दाखवलात तर बदलायचा जीव होत नाही, म्हणून आधी दाखवायचा. रंग, पाट्या, संगीत काही नको. तुकडे क्रमानं जोडलेले आणि त्यावर निवेदन, एवढंच. बघणाऱ्यांना मी तीन गोष्टी लिहायला सांगते: कुठं लक्ष उडालं ते मिनिट-सेकंदासह, हा व्हिडिओ कशाबद्दल आहे ते एका वाक्यात, आणि एक प्रश्न. “छान आहे” लिहायला बंदी. दुसऱ्या गोष्टीची उत्तरं फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि पाच जणांनी पाच वेगळी वाक्यं लिहिलेली दिसली, की गटाला आपसूक कळतं की अजून आपलंच ठरलेलं नाही.

दुरुस्ती म्हणजे एडिटिंग ना?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. मुलं दुरुस्ती म्हटलं की ॲप उघडतात. मी म्हणते, पुस्तक उघडा.

एक उदाहरण सांगते. तालुक्यातल्या एका गावचा मुलगा, घरात कुस्तीचं वेड, आजोबा जुने पैलवान. त्यानं ‘बनगरवाडी’तली तालीम निवडली. पहिला कच्चा व्हिडिओ आठ मिनिटांचा. त्यात पाच मिनिटं गोष्ट, मग गावातल्या तालमीचे शॉट, आणि निवेदनात हे वाक्य: “राजानं वाडीला तालीम बांधून दिली.” चित्रं सुंदर होती. सकाळच्या तिरप्या उन्हात तांबड्या मातीचा हौद, कोपऱ्यात उभी केलेली मुदगलं (व्यायामाची जड लाकडं), भिंतीवर मारुतीची तसबीर आणि तिच्यावर वाळलेला रुईचा हार. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

मी फक्त विचारलं, हे वाक्य कुठल्या पानावर आहे?

तो चिडला. दोन दिवसांनी पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, मॅडम, नाही. तालीम वाडीनंच बांधली. मास्तरानं मनावर घेतलं, माणसं राबली, राजा आला तो नंतर, उद्घाटनाला. मी विचारलं, मग आता तुझा व्हिडिओ काय होतो? त्याला लगेच सांगता आलं नाही. घरी जाऊन त्यानं आजोबांना विचारलं, आपल्या गावची तालीम कुणी बांधली? तोवर हा प्रश्न त्याच्या डोक्यातच आला नव्हता. ती इमारत त्याच्या जन्मापासून तिथं होती, जशी टेकडी असते तशी.

आजोबा बोटं मोजत सांगायला लागले. दगड कुणाच्या गाडीतून आले, तुळईसाठी लाकूड कुणाच्या बांधावरचं, मातीत घालायला ताक आणि तेल कुणाच्या घरातून यायचं, लिंबं कुणाच्या परसातली. पोरानं फोन त्यांच्या चेहऱ्यावर धरला नाही, त्या मोजणाऱ्या बोटांवर धरला. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, मग दुसरा हात. दुसऱ्या व्हिडिओत गोष्ट वीस सेकंदांवर आली, मुदगलांचे पाच शॉट गेले, आणि मध्यभागी ती बोटं आली. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, की एवढ्या जणांनी बांधलेली तालीम ओस पडलेल्या वाडीत मागं राहते, तेव्हा मागं नक्की काय राहतं? उत्तर दिलं नाही. नववीच्या पोरानं ते दिलं नाही हे मला फार आवडलं.

हे ॲपमधून झालं नसतं. चुकलेलं एक वाक्य पानावर जाऊन तपासल्यानं झालं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी निवेदनातल्या प्रत्येक विधानापुढं पान क्रमांक लिहा. ज्याला पान मिळत नाही ते विधान एकतर तुमचं मत आहे, मग तसं म्हणा, नाहीतर चूक आहे, मग काढा. त्यानंतर क्रम बदला, लांबी कमी करा. सगळ्यात शेवटी आवाजाची पातळी, पाट्या, रंग. उलट्या क्रमानं गेलात तर ज्या शॉटवर तीन तास रंग चढवला तो काढायला हात धजावत नाही.

आवडता शॉट काढावा लागतोय. काय करू?

वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. पुसू नका. काढलेला शॉट कुठंतरी शिल्लक आहे हे माहीत असलं की काढणं सोपं जातं.

गटात एकच जण सगळं करतो, बाकीचे नुसते नाव लावतात.

दुरुस्तीच्या वेळी कामं अदलाबदल करा. ज्यानं एडिटिंग केलं त्यानं पानं तपासायची, ज्यानं निवेदन दिलं त्यानं आवाज नीट करायचा. आणि प्रत्येकानं अर्धं पान लिहून द्यायचं: काय बदललं आणि का. गुण देताना मी व्हिडिओइतकंच या अर्ध्या पानाकडं बघते.

कुठलं ॲप वापरायचं?

जे फोनवर चालतं ते. काइनमास्टर फुकट वापरलं तर कोपऱ्यात त्याचं नाव राहतं, राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. शाळेत संगणक असेल तर शॉटकट पूर्ण मोफत आहे.

मराठी पाट्यांत अक्षरं फुटतात.

युनिकोड फाँट घ्या, जुन्या डीटीपीच्या फाइलमधून मजकूर चिकटवू नका. ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फाँट चांगला दिसतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्याचा’ हे शब्द तेवढे डोळ्यांत तेल घालून बघा. ऱ हे नुक्त्याचं अक्षर घेऊन त्यापुढं हलन्त (पाय मोडायची खूण) आणि य टाइप केला की तो आडवा अर्धा र येतो, नाहीतर ‘दुसर्या’ होतं आणि मराठी माणसाच्या डोळ्याला खुपतं. ओळी एका वेळी दोनच, आणि वाचून होईपर्यंत पडद्यावर राहू द्या. सावकाश वाचणाऱ्या आजीला वाचायला लावा, तिचं वाचून झालं की ओळ घालवा.

व्हिडिओ मॅडमना पाठवला की खराब दिसतो.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान करतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, 2 जीबीपर्यंत जातो आणि जसाच्या तसा पोचतो. त्याहून बरं म्हणजे पेनड्राइव्ह. दोन ठिकाणी प्रत ठेवा. दाखवायच्या दिवशी सकाळी एकुलता एक फोन पाण्याच्या बादलीत पडलेला मी स्वतः बघितला आहे.

पालकांचा प्रश्न: दहावीच्या वर्षी हे कशाला? अभ्यास बुडतो.

काळजी समजते. म्हणून आम्ही काम नववीत उरकतो, आणि दहावीला करायचंच झालं तर दिवाळीच्या आत. दहावीला पहिल्या भाषेच्या 125 गुणांपैकी 25 अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, त्यातल्या एका उपक्रमात हा बसवता येतो. पण गुणांसाठी करा असं मी सांगणार नाही. एक मूल एक पुस्तक तीनदा वाचतं, आणि तिसऱ्यांदा कुणी न सांगता वाचतं. माझ्या नोकरीत हे दुसऱ्या कुठल्याही उपक्रमानं झालेलं मी बघितलं नाही. फोन हातात राहील याची भीती असेल तर चित्रीकरण आणि एडिटिंगच्या वेळा ठरवून द्या. सगळं मिळून आठ-दहा तासांच्या वर जात नाही.

यूट्यूबवर टाकू का?

शाळेच्या कार्यक्रमात दाखवा, घरच्यांना दाखवा. इंटरनेटवर टाकायचा असेल तर व्हिडिओत दिसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी परवानगी, शाळेचं आणि गावाचं नाव गाळून, आणि लिंक असेल त्यालाच दिसेल अशा पद्धतीनं. प्रतिक्रिया बंद ठेवा.

ज्यांचं चित्रीकरण केलं त्यांना पूर्ण झालेला व्हिडिओ दाखवायचा का?

सगळ्यात आधी त्यांना. वर वर्णन केलेल्या त्या मुलानं दुसरा व्हिडिओ आजोबांना दाखवला. संध्याकाळी, कट्ट्यावर, फोन त्यांच्या तळहातावर ठेवून. आजोबांनी पूर्ण बघितला, मग पुन्हा लावायला सांगितला. बोटं मोजायची जागा आली तेव्हा त्यांनी पडद्यावर बोट ठेवून थांबवायला लावलं. एक नाव राहिलं म्हणाले. चौकटीचं लोखंड ज्यानं फुकट ठोकून दिलं तो माणूस, त्या दिवशी आठवलाच नव्हता.

पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेत आलं ते विचारतच, की मॅडम, मुदत संपली, पण अजून एकदा बदलू का? शेवटच्या पाटीवर त्यानं ते नाव घातलं, आणि फाईलच्या नावापुढं 2 खोडून 3 लिहिलं.